माणिकमामांचं कटर का तापायचं

बॅटरीवरच्या कटरला ओलं फडकं गुंडाळून, वरून पाण्याचा शिपका मारून दुकानात आणणारं गिऱ्हाईक मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मे महिना होता. नांदेडचं ऊन असं, की दुकानाच्या शटरला हात लावायची सोय नव्हती. त्या भल्या माणसानं टपटप गळणारं मशीन माझ्या टेबलावर ठेवलं आणि घाम पुसत उभा राहिला.

"हे काय हो दादा?"

"तापायलंय ताई लई. मग माठाला गुंडाळतो तसं गुंडाळलं. जरा गार ऱ्हाईल म्हणलं."

"माठात पाणी असतंय. ह्याच्यात करंट हाय. जिवावर उदार झालात का?"

"मग फ्रीजमधी ठिवू का?"

मी कपाळाला हात लावला. पण खरं सांगते, त्याचा राग नाही आला. तापलेल्या वस्तूला ओलं फडकं लावायचं, हे आपल्या अंगवळणीच पडलेलं. लेकरू तापलं की कपाळावर पट्टी, माठ असेल तर गोणपाट. बिचाऱ्यानं मशीनचीही तेवढीच काळजी घेतली. आता त्या काळजीनं मशीन मेलं, हा भाग वेगळा.

माझं दुकान नांदेडच्या जुन्या भागात, एका गल्लीत आहे. लाकूड कापायची, भिंतीला भोकं पाडायची, रंधा मारायची, असली हातातली मशीनं मी दुरुस्त करते. माहेर उदगीरचं. वडलांचं तिथं पाण्याच्या मोटारी भरायचं दुकान होतं. मोटार भरायची म्हणजे आतली जळालेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची. माझी बोटं बारीक, म्हणून वडील ते काम माझ्याकडं द्यायचे. लग्न होऊन नांदेडला आले ती ही विद्या पदरात बांधूनच. नवरा बाजार समितीत कारकून. बायको पाना-पक्कड घेऊन बसते म्हणून आधी त्यांना लाज वाटायची. आता रिटायर होऊन दुकानात चहा करतात आणि येईल त्याला माझं कौतुक ऐकवत बसतात. शेवटी मलाच म्हणावं लागतं, "अहो, पुरे की आता." नवीन गिऱ्हाईक अजूनही दारातून डोकावतं आणि विचारतं, "मिस्त्री कुठं गेलेत?" मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली न ठेवता सांगते, "मिस्त्री मीच. बोला."

आता ह्या बॅटरीवरच्या कटरांविषयी. पूर्वी सुताराला वायर ओढत हिंडावं लागायचं आणि लाइट गेली की हात चोळत बसावं लागायचं. बॅटरीचं कटर आलं आणि माणूस शेतात, माळावर, वाटेल तिथं बसून फळ्या कापायला लागला. पण त्याला एक खोड आहे. ते तापतं. आत मोटार असते, मोटारीला जोडून छोटासा पंखा. पंखा एका बाजूच्या जाळीतून गार हवा ओढतो आणि दुसऱ्या बाजूनं गरम हवा फेकतो. हाच त्याचा श्वास. जाळीत भुसा बसला की श्वास कोंडला. ब्लेडचे दात बोथट झाले, नाहीतर दातांवर डिंक साचला, की लाकूड कापलं जात नाही, नुसतं घासलं जातं. मोटारीला जास्तीचा जोर लावावा लागतो. त्यात आमचा गडी वरून छाती टेकवून रेटणार! मग मशीन आपणहून बंद पडतं, दिवा मिचकावतं. बाबा रे, दम खाऊ दे, असं ते सांगत असतं. आणि आमचे लोक काय करतात, तर ती चटका बसण्याइतकी तापलेली बॅटरी काढून तशीच चार्जरला लावतात. गार होईपर्यंत धीर कुणाला आहे?

इलाज साधा आहे. ब्लेडला धार ठेवा. फळीच्या जाडीपेक्षा ब्लेड जरासंच खाली येऊ द्या. रेटू नका, मशीनच्या चालीनं चला. काही काप झाले की थांबा, आणि थांबायच्या आधी लाकडाबाहेर काढून क्षणभर नुसतं फिरू द्या, म्हणजे पंखा आतली गरम हवा बाहेर टाकतो. संध्याकाळी बॅटरी काढून जाळीतला भुसा ब्रशनं झाडा. उन्हात, पत्र्यावर, गाडीच्या डिकीत मशीन ठेवू नका. हे मी इतक्या जणांना सांगितलंय, की आमचे हे म्हणतात, तू झोपेत सुद्धा जाळी झाडा, जाळी झाडा करतेस.

दसऱ्यानंतरचे दिवस तर विचारूच नका. खंडेनवमीला हत्यारं पुजायची आपली रीत. पूर्वी करवत, पटाशी, वाकस पुजायचे, आता त्यांच्या रांगेत कटरही बसतं. मग मी मशीन उघडलं, की जाळीतून हळद, कुंकू, अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या बाहेर. एकानं तर नारळ कटरच्या लोखंडी तळव्यावरच फोडला होता. पाणी सरळ मोटारीत.

"देवाला दिलंय ताई," तो म्हणाला, "देव बिघडवंल का?"

"देव कशाला बिघडवतोय? नारळाचं पाणी बिघडवतंय."

तेव्हापासून मी दसऱ्याच्या आधीच प्रत्येकाला बजावते. पूजा खुशाल करा, पण बॅटरी काढून, आणि कुंकवाचं बोट मुठीला लावा. देवाला तेवढं चालतं.

अशी ही दुखणी. मशीन उघडलं की मला कळायची. कळलं नाही ते एकच, माणिकमामांचं.

माणिकमामा सुतार भोकरच्या पलीकडच्या एका खेड्यातले. साठी उलटलेली, अंगानं काटक, कानानं अधू. जन्म सगळा ठोकाठोकीत आणि मशीनच्या आवाजात गेलेला, कान राहणार कुठून? त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. आमचं गुपित सुद्धा गल्लीभर व्हायचं. पाट, चौरंग, छोटे देव्हारे करायचे आणि भोकरच्या भांड्यांच्या दुकानात द्यायचे. काम असं सुबक, की पाटावरून हात फिरवत राहावा.

पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी पिशवीतून कटर काढून दोन्ही हातांनी माझ्यापुढं ठेवलं. "ताई, नवंच हाय. पण जरा कापलं की तापून गप व्हतंय. काय झालंय बगा बरं."

मी उघडलं. ब्लेड धारदार, डिंक पुसलेला, बेअरिंगला ग्रीस, बॅटरी ठणठणीत. एवढं निगुतीनं वापरलेलं मशीन माझ्याकडं क्वचितच येतं. फक्त जाळीत भुशाबरोबर कापसाचे पुंजके होते आणि सुताचे धागे, जांभळे, हिरवे, जुन्या लुगड्याचे असतात तसे. पुसायच्या चिंधीचे असतील म्हणून मी साफ केलं आणि देऊन टाकलं.

थोड्याच दिवसांत मामा पुन्हा हजर. तेच दुखणं. तेच धागे, आता कडेनं करपलेले.

"मामा, मशीनला कापड गुंडाळता का?"

"आं?"

"कापड! कापड गुंडाळता का मशीनला?"

"न्हाई बा," म्हणाले आणि नजर चहाच्या कपात घातली.

माणूस खोटं बोलताना कसा दिसतो, हे लग्न झालेल्या बाईला शिकवावं लागत नाही. पण वडीलधाऱ्या माणसाला किती टोकायचं? जाळी साफ करून मशीन परत दिलं.

पुढच्या खेपेला मात्र मशीनमधून जळका वास यायला लागला होता. मोटारीची तार काळवंडत चाललेली. मी सरळच सांगितलं, "मामा, अजून एकदा असं तापलं की मोटार गेली समजा. मग हे मशीन भंगारात."

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. कानावर हात ठेवून त्यांनी मला ते परत सांगायला लावलं, जणू दुसऱ्यांदा मी काही वेगळं सांगेन. मग बोलायला लागले.

"घरी मालकीण हाय, गोदा. गेल्या दिवाळीत तिच्या अंगावरून वारं गेलं. एक बाजू गेलीच. कूस बदलायला सुदिक माणूस लागतंय. लेकरूबाळ न्हाई आम्हाला. पुतण्या हैदराबादला फर्निचरची कामं घेतोय, सारखा फोन करून राहिलाय, काका या, काका या. कसा जाऊ ताई? म्हून हे कटर घेतलं. घरी बसून पाट करावं, पोटापुरतं मिळवावं अन तिच्याजवळ ऱ्हावं. हे बी बंद पडलं तर मग हैदराबादबिगर इलाज न्हाई. अन मी गेलो तर तिला पाणी कोण पाजंल?"

एवढं बोलून ते उठले. घरी मामींजवळ शेजारणीला बसवून आले होते, तिलाही तिचा स्वयंपाक होता. कटर माझ्याकडं ठेवून ते बस गाठायला निघून गेले.

मला चैन पडेना. मोटारीच्या तारेला वार्निशचा थर दिला, पंखा बदलला, सगळं नव्यासारखं केलं, पण दुखण्याचं मूळ हातात नाही तर ह्या औषधाचा उपयोग काय? धाग्यांचं कोडं मामांच्या घरीच सुटणार होतं. रविवारी मी कटर पिशवीत घातलं आणि चपला घातल्या.

"डॉक्टरीणबाई व्हिजिटला निघाल्या वाटतं!" आमचे हे म्हणाले.

"हाव. फी मिळाली तर जिलेबी आणते."

भोकरपर्यंत एसटी, पुढं ऑटो. मामांचं घर म्हणजे एक खोली आणि मागं पत्र्याचा शेड. खोलीत बाजेवर मामी भिंतीकडं तोंड करून पडलेल्या. अंगावर धुतलेलं लुगडं, पांढऱ्या केसांना तेल लावून वेणी घातलेली. वेणी जरा वाकडी होती. सुताराच्या हातची आहे, हे लगेच कळलं.

मामा मला मागच्या शेडात घेऊन गेले आणि मधलं दार त्यांनी अगदी हळू लावून घेतलं.

"चला," मी म्हणाले, "रोज चालवता तसं चालवून दाखवा. काही लपवायचं नाही."

मामा थोडे घुटमळले. मग फळीवरून त्यांनी एक गाठोडं काढलं. गोधडीचे तुकडे, कडेनं टाके घातलेले, बांधायला नाड्या. जांभळे आणि हिरवे. ते त्यांनी कटरच्या पोटाला नीट गुंडाळले, जाळीवरून, दोन्ही बाजूंनी, आणि नाड्यांची गाठ मारली.

"अगं बया! मामा, मशीनला गोधडी पांघरवताव?"

"हळू बोला," ते म्हणाले. स्वतः एवढ्या मोठ्यानं, की बाहेरची कोंबडी उडाली. "गोदाला आवाजाचा तरास व्हतो ताई. पैल्या दिवशी हे चालवलं, अन आत जाऊन बगतो तर तिच्या डोळ्याला धार लागलेली. काही सांगायलीय, पण तिचा आवाज निघंना अन माझे कान हे असे. तवापून मी हे बांधतो, दार लावतो. भुसा डोळ्यात जाऊ नये म्हून तिचं तोंड भिताडाकडं करून देतो. मग गप निजती बिचारी."

आता ह्या माणसाला रागवायचं कसं? मी त्यांना समजावलं, की ह्या जाळीतूनच मशीन श्वास घेतं, तुम्ही त्याचं नाक-तोंड बांधलंत. त्यात वर पत्रा, खाली गोधडी, तापेल नाही तर काय करेल? मी नाड्या सोडल्या तशी ते गडबडले.

"नको ताई. ती रडंल."

"मी त्यांच्याजवळ बसते. दार उघडं ठेवून एक फळी कापा. त्रास झाला तर मी ओरडते, लगेच बंद करा. मग दुसरी काहीतरी तोड काढू."

आत जाऊन मी बाजेच्या कडेला टेकले. मामी जाग्याच होत्या. मागं कटर सुरू झालं, पूर्ण आवाजात. खरोखरच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि कानाकडं ओघळलं. मामा म्हणाले तेच खरं, असं वाटून मी ओरडणार, एवढ्यात त्यांनी चांगल्या हातानं माझं मनगट धरलं. ओठ एका बाजूनं हलत होते. मी कान जवळ नेला.

"हाय," त्या म्हणाल्या.

"कोण हाय मामी?"

"ते. घरात... हायत."

फळी कापून झाली. कटर थांबलं. मनगटावरची पकड एकदम घट्ट झाली.

"गेले?"

"कुठं जातील? इथंच मागं बसलेत."

"हैदराबादला."

मग एकेक शब्द जोडत त्यांनी सांगितलं. मामांना ऐकू येत नाही म्हणून फोन स्पीकरवर असायचा. पुतण्याचं काका या, काका या त्यांनी पडल्या पडल्या सगळं ऐकलेलं. त्यानंतर रोज दार लागायचं, तोंड भिंतीकडं व्हायचं, आवाज गोधडीत दबायचा आणि घर गप व्हायचं. मागं वळून बघता येत नाही, हाक पोचत नाही. रोज त्यांना वाटायचं, आज गेले. न सांगता गेले.

"अन पहिल्या दिवशी रडलात ते?"

"बरं... वाटलं. काम... घरी लागलं म्हून."

"मग सांगायचं की हो मामांना!"

त्यांचं अर्धं तोंड हसलं. "त्यांना... ऐकू येतंय का?"

मला हसूही आलं आणि रडूही. मी मामांना हाक मारली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं ओरडून सांगितलं. अख्ख्या आळीला कळलं असेल. कळू दे. "मामा, त्या झोपत नव्हत्या! भिंतीकडं बघत पडायच्या! तुम्ही टाकून गेलात असं वाटायचं त्यांना!"

मामा बाजेपाशी खालीच बसले.

"आगं येडे," म्हणाले, "तुला टाकून कुठं जातो गं मी? तुझ्यासाठीच तर..." हातात गोधडीचा तुकडा होता, त्यानंच तोंड पुसलं. मी उठून शेडात गेले आणि उगाच फळ्या मोजायचं नाटक करत उभी राहिले.

मग आम्ही दोघांनी मिळून बाज फिरवली, मामींचं तोंड मधल्या दाराकडं केलं. भुसा अंगणाच्या बाजूला उडावा म्हणून शेडातला, फळी ठेवून कापायचा ठोकळा सरकवला. आता एकच अडचण उरली. कटर गार ठेवायचं तर मध्ये मध्ये थांबावं लागणार, आणि थांबलं की मामींचा जीव टांगणीला लागणार. ठोकळा बाजेवरून दिसत नव्हता.

"मामा, मशीन थांबलं की आवाज द्यायचा. दर वेळेला. तुमचं बोलणं होईपर्यंत मशीनचाही दम खाऊन होईल."

"काय म्हणू?"

"बायकोला काय म्हणायचं ते मी शिकवू का आता?"

मामा लाजले. फळी लावली, कापली, कटर बाहेर काढून क्षणभर मोकळं फिरवलं, बंद केलं. आणि घसा खाकरून ओरडले, "हाय गं मी!"

मान वाकडी करून त्यांनी दारातून आत पाहिलं. बाजेवरून मामींचा चांगला हात वर झाला होता. मामांनी दुसरी फळी घेतली.

तापायचं दुखणं त्यानंतर कधीच आलं नाही. ह्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला मामा दुकानात आले ते बटण सैल झालं म्हणून. मामी बऱ्या आहेत, आता थोडं उठून बसतात म्हणाले. शेजारणीला त्यांच्याजवळ बसवून आले होते. दुकानात आणखी दोघं-तिघं बसलेली. मी बटण बदललं, टेबलावरच्या फळीवर कटर चालवून बघितलं आणि बंद केलं.

"हाय गं मी!"

मामा स्टुलावर बसल्या बसल्या भिंतीकडं बघून मोठ्यानं ओरडले होते. बसलेली मंडळी खो खो हसली. मामाही हसले, टोपी काढून डोकं खाजवलं. आमचे हे चहा ओतत होते, तेही हसायला लागले. आणि हसता हसता मामांचा चेहरा बदलला.

"ताई, झालं का? द्या लवकर."

"झालंच की. चहा तर घ्या."

"नको माय. तिकडं घर गप असंल आता."

त्यांनी कटर पिशवीत कोंबलं, टोपी तशीच हातात धरली आणि बसस्टँडच्या दिशेनं निघाले, जवळजवळ पळतच.